कंदीलवालीच्या आधीची बाई

तिच्या आधी आणखी एक बाई होती. हे कळायला मला साठ वर्षं लागली, आणि कळलं ते गोंदियात, रेलटोलीतल्या माझ्या दोन खोल्यांत, दुपारच्या चहाच्या वेळी, हातातल्या मोबाइलवर.

पिक्चर जुना होता, काळा-पांढरा, कुणीतरी धुऊनपुसून स्वच्छ केलेला. बघायचा म्हणून मी तो लावला नव्हता. दुपारी घरात माणसाचा आवाज असावा म्हणून मी काहीही लावते. आधी पिक्चर काढणाऱ्या कंपनीची आजची मोहर आली. अंधारात ठिणग्या उडतात, गोळा होतात, त्यांची एक ज्योत होते, आणि एवढा धडाका होतो की कपातला चहा हलावा. मग क्षणभर काळोख. आणि मग ती, आमची जुनी मोहर. दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांवर नऊवारीतली बाई. मी चष्मा सारखा केला, कारण आता ती कंदील उचलणार हे मला ठाऊक होतं. पण तिच्या हातात कंदीलच नव्हता. खालच्या अंधारातून दुसरी एक बाई पायऱ्या चढून आली. वयानं मोठी, डोक्यावर पदर. कंदील तिच्या हातात होता. तिनं तो आमच्या बाईच्या हाती दिला, तिच्या कोपराला जरासा हात लावला आणि आल्या वाटेनं उतरून गेली. त्यानंतर आमच्या बाईनं कंदील वर केला.

सगळी मिळून बारा सेकंदं. ती मी कितीदा पाहिली ते सांगत नाही, हसाल. पिक्चर पुढे सरकलाच नाही.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ताईला सांगायला हवं. फोन हातातच होता. मग आठवलं की ताईचं आणि माझं सतरा वर्षं बोलणं नाही.

आम्ही दोघी बहिणी अर्जुनी मोरगावच्या. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमचे बाबा तिथल्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. टॉकीज म्हणजे धानाच्या गोदामावर टिनाचं छप्पर, पुढे जमिनीवर पोती आणि मागे बाकं. पावसाळ्यात छपरावर असा मारा व्हायचा की पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची आणि संवाद ज्याचे त्यानं मनात म्हणायचे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आत कुत्रंही नसायचं. गर्दी व्हायची ती धान घरात आल्यावर. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ बायकांचा. आजूबाजूच्या गावांतल्या बाया बाजार आटोपून टोपल्यांसकट आत यायच्या. उकडलेल्या शिंगाड्यांचा वास, कुणाच्या पदरातल्या ओल्या कोथिंबिरीचा वास, पोत्यांना मुरलेला भुशाचा वास, आणि मागच्या झरोक्यातून येणारा मशीनचा तो जळका, जरा आंबट वास. माझ्या बाबांच्या सदऱ्याला तोच वास असायचा. आजही कुठे वायर जळाली की लोक घाबरतात आणि मला आमचं घर आठवतं.

लोगो हा शब्द आम्हाला कुठून माहीत असणार? आम्ही मोहर म्हणायचो. पिक्चरचं नाव फारसं कुणी विचारत नसे, मोहर विचारत. घोड्याची मोहर म्हणजे मारामाऱ्या. कमळाची मोहर म्हणजे देवादिकांचा. आणि कंदीलवाली आली की रडायचा. कंपनीचं खरं नाव पडद्यावर इंग्रजीत यायचं, ते वाचायला कोण बसलंय! बाया बाबांना रस्त्यात अडवून विचारायच्या, "भाऊ, उद्या कंदीलवालीचा हाये का?" हो म्हटलं की त्या दिवशी दोन रुमाल जास्त घेऊन येत.

पण आमच्यापर्यंत पोचायची ती मोहर अर्धीमुर्धी. त्याचं कारण बाबांनी एकदा दुपारी मशीनच्या खोलीत आम्हा दोघींना समजावून दिलं होतं. पिक्चरच्या अगदी सुरुवातीला सेन्सॉरच्या सर्टिफिकेटाचा तुकडा असतो. तो सरकारी, तो हरवला तर खेळ बंद. म्हणून प्रत्येक गावचा मशीनवाला त्याला जिवापाड जपायचा. तो तुकडा जिथे जोडलेला असे तिथेच फिल्म सारखी तुटायची, आणि तुटली की फाटकं टोक कापायचं ते पुढच्या मोहरेतून. नागपूरनं कापलं, भंडाऱ्यानं कापलं, तुमसरनं कापलं, गोंदियानं कापलं. दोन-तीन वर्षं फिरून पिक्चर आमच्याकडे यायचा तोवर कंदीलवालीचं शेपूट उरलेलं असे.

"वीतभर फिल्म म्हंजे अर्धा सेकंद," बाबा ब्लेडनं फिल्म खरवडत म्हणाले. "ज्यानं त्यानं आपली वीत काढली. मी काय येगळा हावो?" आणि त्यांनीही वीतभर कापली, सोल्युशनचा थेंब लावला, वर अंगठा दाबून धरला.

त्यामुळे अर्जुनीत कंदीलवाली यायची ती हात वर करतानाच. कधी तर हात वर झालेलाच असे. सनईचा सूरही मधूनच उठायचा, कुणाचं तरी बोलणं आपण दार उघडल्यावर ऐकू यावं तसा. ताई तो तुटका सूर नाकातून हुबेहूब काढायची. मी हसून हसून लोळायचे.

झोपताना मी तिला म्हणायचे, "ताई, आधीचं सांग." आधीचं म्हणजे हात वर करण्याच्या आधी ती बाई काय करत होती ते. ताई रोज नवं सांगायची. कधी ती गाय शोधायला निघाली होती. कधी विहिरीत काही पडलं होतं. कधी तिला कुणी हाक मारली असं वाटलं होतं, पण बाहेर कुणीच नव्हतं. ही शेवटची गोष्ट मला आवडायची आणि तिची भीतीही वाटायची. मी विचारायचे, तिच्या घरी दुसरं कुणी नाही का?

"एकटीच हाये थे," ताई म्हणायची. "घरी कोनी असतं त कंदील घेऊन तिले कायले यावं लागलं असतं?"

ताईचंच नव्हे, सगळ्या गावाचं हेच मत होतं. तिथूनच तो शब्द निघाला. आमच्या आळीत एकट्या राहणाऱ्या बाईला कंदीलवाली म्हणू लागले. नवरा गेलेली असो, नवऱ्यानं टाकलेली असो, की लग्नच न झालेली असो. "थे कोपऱ्यावरची कंदीलवाली" म्हटलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय ते कळायचं. शब्दात शिवी नव्हती, जरा कीव होती. कीव मला शिवीपेक्षा जास्त झोंबते, हा माझा स्वभाव. पण तेव्हा मी लहान होते आणि मीही तो शब्द बिनदिक्कत वापरत होते. कापलेल्या फिल्मकडे बघून एका सबंध गावानं एका बाईला एकटी ठरवलं होतं, आणि मग तिच्या नावानं आणखी कितीतरी बायांना.

पुढे मोहर बदलत गेली. ताईचं लग्न झालं, ती केशोरीला गेली, त्या उन्हाळ्यात कंदीलवाली रंगीत झाली. पिवळं लुगडं, मागे गुलाबी ढग. बाई दुसरीच होती, गालांनी भरलेली. आई म्हणाली, "हे कोन वो नवी? जुनी कोठी गेली?" मला मात्र ती आवडून घ्यावी लागली, कारण बघायला मी एकटीच उरले होते. पोती तीच, शिंगाडे तेच, पण माझ्या डाव्या अंगाला जागा रिकामी. आधीचं सांगणारं कुणी नव्हतं. मी स्वतःशी सांगून बघितलं. जमलं नाही.

मी शिकायला गोंदियाला आले तेव्हा मोठ्या टॉकीजच्या पडद्यावर ती बाई सोन्याची झाली होती. पुतळा. गोल फिरायचा, डोळे मिटलेले. पायऱ्या गायब. मग पोस्टात नोकरी लागली, त्या वर्षांत कधीतरी बाईच गेली आणि नुसता हात राहिला. मनगटात बांगडी, मुठीत कंदील. बाबा गेले त्या सुमारास हातही गेला. निळ्या आभाळात कंदील आपोआप लटकलेला, कुणी धरलाय ते दिसायची सोय नाही. आता तर कंदीलही नाही, ज्योत आहे. आणि मोबाइलच्या पडद्यावर कोपऱ्यात त्या कंपनीचा म्हणून जो ठिपका असतो, तो कुंकवाएवढा.

हे सगळं मी तारीखवार सांगू शकत नाही. माझ्याकडे त्याची एवढीच नोंद आहे: त्या वेळी घरात कोण होतं आणि नंतर कोण नव्हतं.

लग्न मी केलं नाही. त्याबद्दल मला कुणाला काही सांगायचं नाही. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी ताईचं आणि माझं भांडण झालं. कशावरून, तेही सांगणार नाही. सांगायला बसले की माझीच बाजू खरी वाटायला लागते, आणि ती तेवढी खरी नाही. बहिणी भांडतात तशाच भांडलो, आधी आवाज चढवून आणि मग आवाज उतरवून. उतरवलेल्या आवाजातलंच लागतं. मी पिशवी उचलून तिच्या फाटकाबाहेर आले, तर ती फाटकाला हात लावून म्हणाली, "राय मंग कंदीलवाली होऊन!"

त्या शब्दाचा अर्थ आख्ख्या केशोरीत आम्हा दोघींनाच माहीत होता. दुसऱ्या कुणाला तो आशीर्वादही वाटला असता.

त्यानंतर सतरा वर्षं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गेले तेव्हा मी केशोरीला गेले होते. बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसले आणि दुपारच्या बसनं परतले. तिनं मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्या कंपनीचे पिक्चर मी बघणं सोडून दिलं. कुठे लागलेच तर सुरुवात टाळून आत जायचे. पण शब्द काही टळला नाही. या दोन खोल्यांत कुणी कधी मला कंदीलवाली म्हटलं नाही. इथे सगळं हिंदी, मला 'दीदी' म्हणतात. मीच म्हणायचे. सणाला एका वाटीची खीर केली की म्हणायचे. तापात उठून स्वतःच पाणी घेतलं की म्हणायचे. फार एकटं वाटतं हो. माणूस त्याला सरावतो असं सांगणारे लोक संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

तर अशी मी, हातात चहा निवून गेलेला, आणि मोबाइलवर ती दुसरी बाई पुन्हा पुन्हा पायऱ्या चढून येत होती. कंदीलवाली एकटी नव्हती. तिला कुणीतरी कंदील आणून दिला होता. ताईनं मला चिकटवलेला शब्द मुळातच चुकीचा होता, आणि हे मी तिला सांगितलं की कदाचित तिला तो मागे घेता येईल, असं मला वाटलं. कदाचित हे निमित्तच होतं. निमित्त सापडायला सतरा वर्षं लागावीत एवढा अहंकार दोघींकडेही होता.

फोन केला नाही. फोनवर ती 'हॅलो' म्हणून गप्प बसली असती तर मी काय केलं असतं? सकाळच्या गाडीनं निघाले. खिडकीबाहेर धान कापून झालेल्या शेतांच्या बांध्या, खुंटांमध्ये साचलेलं थोडं पाणी, त्यात बगळे. अर्जुनीला उतरले. टॉकीज होती तिथे आता मंगल कार्यालय आहे. छप्पर टिनाचंच आहे, पण निळं. मी दोन मिनिटं उभी राहिले. वॉचमननं विचारलं, "कोनाचं लगन पाहून रायल्या, बाई?" मी कुणाचं नाही म्हटलं आणि केशोरीची एसटी पकडली.

ताई अंगणात सूप घेऊन बसली होती. नवे तांदूळ पाखडत होती. केस पार पांढरे, हात मात्र तसेच भरभर. मी फाटकाशी थांबले. तिनं मान वर केली, बघितलं, सूप थांबलं नाही.

"कोनत्या गाडीनं आलीस?"

"सकाळच्या."

"जेवून आलीस का तशीच?"

"तशीच."

"मंग उभी काऊन? ये."

सतरा वर्षांनंतरची पहिली वाक्यं ही. मी वाटेत काय काय पाठ करून आले होते, त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. तिनं भात वाढला, लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं, वर तेल सोडलं. मी जेवत असताना ती भिंतीकडे बघत बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा पुण्याला असतो म्हणाली. दोरीवर एकच लुगडं वाळत होतं, आणि ओट्यावर एकच कप पालथा. मला वाटलं होतं, एकटी मीच आहे.

हात धुऊन मी मोबाइल काढला. "ताई, तुला एक दाखवायचंय. कंदीलवालीचं."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. मी पिक्चर लावून तिच्यापुढे धरला. आधी ठिणग्यांचा तो धडाका झाला.

"हे काय फटाके फोडून रायले?"

"ही नवी मोहर. जुनी आता येईल. बघ हं."

पायऱ्या आल्या. बाई आली. ताई मोबाइलकडे बघतच नव्हती. माझ्या मनगटाकडे बघत होती.

"बघ ना, ताई. आता येते ती."

"खालून येते. डोईवर पदर हाये तिच्या," ताई म्हणाली. "कंदील देते आन् वापस जाते."

मी पिक्चर थांबवला. "तुला कसं माहीत?"

"टीवीवर लागला होता. हे होते तवा."

"कधी?"

"आपन भांडलो त्याच्या पुढच्या साली."

"मग मला सांगितलं नाहीस?" माझ्या तोंडून हे धाकट्या बहिणीच्या जुन्या तक्रारीच्या सुरातच बाहेर आलं. मलाच ऐकून लाज वाटली.

"सांगाले आलती ना मी. दुसऱ्याच दिवशी, पहिल्या गाडीनं." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "यांनाही नाई सांगतलं कायले चालली थे. म्हटलं, थो शब्द मी वापस घेतो. माहीत नोयतं म्हून बोलली म्हनतो. तुहं दार वाजवलं."

"मी घरी नसेन," मी म्हणाले.

खोटं होतं. मी घरीच होते. दाराच्या फटीतून मला तिच्या लुगड्याचा काठ दिसला होता, हिरवा, आणि पायरीवर ठेवलेली पिशवी. कडीवर हात ठेवून मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. ती आणखी भांडायला आली असं मला वाटलं, आणि तसं नसेल असंही वाटलं, आणि दुसऱ्या वाटण्याचीच मला जास्त भीती वाटली. एवढ्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच.

ताईनं तांदळातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"घरीच होतीस तू. कुकरची शिट्टी झाली ना आतून," ती म्हणाली. "मंग अजून एक झाली. मी पायरीवर बसली. म्हटलं, गॅस बंद कराले त उठनच. मंग करपल्याचा वास येऊन रायला, तरी तू हालली नाई. मंग मीच उठली आन् गेली. म्हटलं, मी हावो तवर हे काई हालत नाई, पोरीचा भात कायले जाळू?"